मागच्या दारची ठिगळी

४ ऑक्टोबर, बुधवार

बशी रिकामी! चाटूनपुसून लख्ख. काल संध्याकाळी मागच्या पायरीवर ठेवली होती — माशाचं डोकं आणि मूठभर भात. शीतसुद्धा उरलं नाही. कावळा असता तर सांडलवंड झाली असती. म्हणजे तीच.

पंपाच्या खोलीमागे राहते. पंधरा दिवस बघतेय. पिल्लू नाही, चांगली मोठी आहे. लांब केसांची, पण केसांचे नुसते गुंते झालेत. पांढरा, काळा, तपकिरी — उरलेल्या तुकड्यांतून कुणीतरी शिवून काढल्यासारखी. डावा कान फाटका. मला बघून ती पळत नाही, नाहीशीच होते. दाराची कडी वाजते आणि ती नसते. मधलं काही दिसतच नाही.

नाव वगैरे ठेवायचं नाही. एक बशी ठेवली, संपला विषय.

८ ऑक्टोबर, रविवार

ताईचा फोन. वाजू दिला. खूप वेळ वाजला.

ताईला या घरातून जाऊन चार महिने झाले. एकसष्टाव्या वर्षी लग्न! आई-बाबांनंतर सव्वीस वर्षं आम्ही दोघीच होतो इथे — ती बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. आता दोन्ही खोल्या माझ्या. मी अजून आतल्याच खोलीत झोपते.

संध्याकाळी बशी ठेवताना ‘ये गं’ म्हणाले आणि दचकले. शुक्रवारी दवाखान्यातल्या कामावरून निघाल्यापासून तोंडातून निघालेला तो पहिला शब्द!

११ ऑक्टोबर, बुधवार

सुटल्यावर वाट वाकडी करून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. सोबत जनावर नाही म्हटल्यावर मदतनीस बाई माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टर मात्र बरे निघाले.

“मोठं झालेलं रानटी मांजर? पिल्लू असतं तर गोष्ट वेगळी होती. महिने लागतील. वर्ष लागेल. कदाचित कधीच जमणार नाही.”

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

“तुम्हाला घाई आहे का?”

“नाही. मला कसलीच घाई नाही.”

“मग बघा प्रयत्न करून.”

त्यांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते. रोज तीच वेळ. तीच बशी. डोळ्यांत बघायचं नाही, त्याला ती धमकी समजते. तिच्याकडे तोंड करून बसायचं नाही. आपण जवळ जायचं नाही, तिला येऊ द्यायचं. आणि तिनं दिलेल्यापेक्षा जास्त कधी घ्यायचं नाही.

हे शेवटचं मला फार पटलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पावणेसहा आणि संध्याकाळी सहा. ठरलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी दारातच बसून राहिले. भिंतीकडे तोंड, हातात शर्टाची बाही. बाहीला बटण लावायचं होतं. एकच बटण मी चाळीस मिनिटं लावलं! ती पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यावरून बघत होती. आली नाही. मी उठून आत गेले, दार लावलं, तेव्हा खाल्लं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. खाताना चार वेळा मान वर. कोण एवढं घाबरवून ठेवतं एखाद्याला?

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिवणखोलीत आज एकोणचाळीस चादरी. दवाखान्याच्या चादरी मधोमध फाटतात, माणूस जिथे झोपतो तिथे. मी त्या मधून कापते, बाजूच्या कडा मधे आणून जोडते आणि विरलेला मधला भाग कडेला नेते. चादर आणखी दोन वर्षं निघते. सत्तावीस वर्षं हेच करतेय. शेजारच्या खोलीतली इस्त्रीवाली वाफेच्या आवाजावरून ओरडून विचारते, “मावशी, आज गप्प का?” मी रोजच गप्प असते. तिला ते रोज नव्यानं कळतं.

मधलं मशीन टाके सोडत होतं. मेट्रन म्हणाल्या, मशीनवाल्यांना निरोप द्या, नाहीतर त्यांच्या जागी जो कोणी येतो त्याला. मी नको म्हटलं. स्वतः उघडलं, शटल साफ केलं, तेल घातलं. चालू झालं.

मशीनवाले म्हणजे ताईचे यजमान. आता दोघं दुसऱ्या शहरात असतात.

५ नोव्हेंबर, रविवार

आज मी दारात असताना खाल्लं!! पाच हातांवरून. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. पाय मुंग्यांनी भरला, तरी हलले नाही.

ताईचा फोन नेमका तेव्हाच. घंटी वाजली आणि ती गेली. मला ताईचा इतका राग आला! चूक तिची काहीच नव्हती. पण आला.

६ नोव्हेंबर, सोमवार

फोनचा आवाज कायमचा बंद करून ठेवला. मला फोन करणारं आहे तरी कोण?

१८ नोव्हेंबर, शनिवार

बशी रोज चार बोटं आत सरकवतेय. तिला कळतं. बशी हलली की दहा मिनिटं जास्त बसते, हिशोब लावल्यासारखी. मग येते. मला कापड बेतायची सवय, चार बोटं म्हणजे चारच.

नाव पडलं. ठेवलं नाही, पडलं. इस्त्रीवालीला सांगत होते कशी दिसते ते, तर ती म्हणाली, “म्हणजे तुमचंच काम की! ठिगळी!” दिवसभर ओठांवर तेच. संध्याकाळी म्हणून पाहिलं. ढुंकून बघितलं नाही तिनं.

३ डिसेंबर, रविवार

तीन हात.

तिला माझा आवाज चालतो असं लक्षात आलंय. उठले-बसले तर बिथरते, बोलले तर नाही. म्हणून बोलते. काय बोलणार? दिवसभरात काय झालं ते सांगते. मेट्रनबाईंचा चष्मा चादरींच्या ढिगात सापडला. चार नंबरच्या वॉर्डात जुळी झाली. आज मला जेवायचा कंटाळा आला. ती कान माझ्याकडे ठेवून खाते.

ताई असताना आम्ही जेवताना असंच बोलायचो. खरं तर ती बोलायची.

१३ डिसेंबर, बुधवार

जिन्यात चेअरमन भेटले. पहिल्या मजल्यावर राहतात, निवृत्त झाल्यापासून इमारतीलाच ऑफिस समजतात.

“अहो बाई, मागे तुम्ही जनावरांना खायला घालता अशी तक्रार आहे.”

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

सगळ्यांची म्हणजे त्यांची. मी ‘बरं’ म्हणून आत आले. दार लावल्यावर काय काय बोलायचं होतं ते सुचलं. मला नेहमी दार लावल्यावर सुचतं.

२४ डिसेंबर, रविवार

मी डोळे मिटले, हळूच उघडले. डॉक्टर म्हणाले होते, विश्वास असला की मांजरी असं करतात. गेले दोन महिने करतेय. समोरून नुसती पिवळी, ताठ नजर.

आज तिनं केलं. एकदाच! दोन्ही डोळे हळू मिटले, हळू उघडले. मग लगेच दुसरीकडे बघायला लागली, जणू झालंच नाही काही.

मी आत येऊन रडले. वेड लागलंय मला. छप्पन्न वर्षांची बाई!

४ जानेवारी, गुरुवार

उंबऱ्यावर पुढचे दोन पाय. दोनच. उकडलेलं अंडं खाल्लं, मागे गेली, बसली आणि तोंड धुतलं — माझ्यासमोर! दीड हातावर असेन मी. हात पुढे केला असता तर लागला असता. केला नाही.

९ जानेवारी, मंगळवार



सकाळी पावणेसहाला दार उघडलं तर पंपाच्या खोलीशी पिंजरा. लोखंडी, पडत्या दाराचा. आत ती. अंग आपटत होती, नाकातून रक्त. पिंजऱ्यात बशी होती. माझ्याच बशीसारखी पांढरी बशी! माणसानं ठेवलेली बशी बरी असते, हे तिला कोणी शिकवलं? मी. तीन महिने खपून मी शिकवलं.

पिंजऱ्याचं दार वर ओढायचं तर हात तिच्या तोंडापाशी न्यावा लागतो. नेला. मनगटापासून कोपरापर्यंत फाडलं तिनं. दार वर गेलं आणि ती गेली, पंपाच्या खोलीमागे नाही, कुंपणावरून पलीकडे, रस्त्यावर.

चेअरमन अंगात स्वेटर चढवत खाली आले. “अहो, काय केलंत हे! माणूस आठ वाजता न्यायला येणार होता!”

आणि मी ओरडले. मी! वरच्या खिडक्या उघडल्या.

“माझी आहे ती!”

“तुमची?”

“माझी. माझी मांजर आहे. माझ्या मांजरीला हात लावायचा नाही!”

ते माझ्या हाताकडे बघत होते, रक्त फरशीवर ठिबकत होतं. मग म्हणाले, “तुमची असेल तर घरात ठेवा. महिनाअखेरपर्यंत घरात दिसली नाही तर पिंजरा परत लागेल. आणि आधी तो हात बघा.”

कामावर गेले तर इस्त्रीवालीनं हात बघितला आणि ओढतच खालच्या नर्सकडे नेलं. सात टाके. इंजेक्शनं सुरू. नर्स म्हणाली, “मावशी, कोणाचा राग काढला तिनं तुमच्यावर?” सात टाके घालताना मी मोजत होते. जरा लांब लांब घातले. मी असते तर जवळ घातले असते.

१० जानेवारी

नाही आली.

११ जानेवारी

नाही.

१२ जानेवारी

नाही. बशी तशीच. मुंग्या.

१४ जानेवारी, रविवार

गल्लीगल्लीतून हिंडले. बेकरीमागे, शाळेच्या भिंतीपाशी, गाड्यांखाली वाकून वाकून. लोकांना वाटलं किल्ल्या हरवल्या. एकानं विचारलं, काय शोधताय? सांगता आलं नाही. ‘माझी मांजर’ हे एकदा ओरडून झालं, हळू आवाजात म्हणता येईना.

ताईचा फोन येऊन गेलेला दिसला. या घरात येणारं-जाणारं दुसरं काही नाही आता.

लिहूनच टाकते. हे पान कोण वाचणार आहे?

मशीनवाले माझ्यासाठी येतात असं मला वाटायचं.

अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी शिवणखोलीत यायचे. माझ्या मशीनला शेवटी हात लावायचे, म्हणजे निवांत बसता यावं. बारीक सुयांची एक पुडी माझ्यासाठी वेगळी आणायचे. न मागता. मग घरचं मशीन अडलं म्हणून एका शनिवारी घरी आले. मग एक शनिवार सोडून एक. मशीन काही दर पंधरा दिवसांनी अडत नाही, एवढं मलाही कळत होतं. कळत होतं म्हणून तर!

बेल वाजली की मी आत पळायची, कपडे बदलायला. चांगली पाच-सात मिनिटं लागायची मला. केस नीट कर, काजळ लाव, परत पूस. दार ताई उघडायची. बाहेर दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा, हसण्याचा यायचा. मला वाटायचं, ताई सांभाळून घेतेय.

त्या पाच-सात मिनिटांत झालं असणार सगळं.

ताईनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “अगं छानच की!” आणि भांडी घासायला उठले. घासलेलीच भांडी होती. परत घासली.

मी कुणाला काही बोलले नव्हते. त्यांना नाही, ताईला नाही. मग राग कुणाचा धरायचा? कुणी मला फसवलंच नाही. याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

१७ जानेवारी, बुधवार

टाके काढले. खूण राहणार.

इस्त्रीवाली म्हणाली, “दुसरी आणा. माझ्या नणंदेकडे चार पिल्लं आहेत, मांडीवर येऊन झोपतात.” तिचा हेतू चांगला. मला मांडीवर येऊन झोपणारं नको होतं.

२१ जानेवारी, रविवार

आली!!!

संध्याकाळी. बाहेर बघायचंही सोडून दिलं होतं. कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं तर पायरीपासून सहा हातांवर बसलेली. हाडं दिसतायत. एक डोळा चिकटलेला. उठली नाही, नाहीशी झाली नाही.

माझा जीव भांड्यात पडला. बशी आणली. त्या पांढऱ्या बशीत देववेना, माझ्या जेवायच्या ताटलीत वाढलं. सहा हातांवरच ठेवलं, आणि दारात भिंतीकडे तोंड करून बसले. पुन्हा पहिल्यापासून.

“चुकले गं,” म्हटलं. “मला माहीत नव्हतं.”

खाल्लं तिनं. मान वर न करता.

२२ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी डोळ्यासाठी औषध दिलं, खाण्यात मिसळायचं. घेऊन या म्हणत होते. म्हटलं, आता कशातही बंद करणार नाही तिला. चेअरमनची मुदत सांगितली होती, तर विचारलं, “मग महिनाअखेरचं काय?” नऊ दिवस. त्यांना म्हणाले होते ना, मला घाई नाही. आता आहे, आणि ती तिला दिसू द्यायची नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार

आज सुट्टीच. काल दवाखान्यात सोमवारपासून तीन दिवसांची रजा टाकली. सत्तावीस वर्षांत ताईच्या लग्नालासुद्धा टाकली नव्हती. मेट्रनबाईंनी कारण विचारलं. “घरी आजारी आहे.” “कोण?” “घरचंच माणूस.” सही केली बाईंनी.

मागचं दार दिवसभर सताड उघडं. थंडी आत येतेय. अंगावर दोन शाली. ताटली उंबऱ्यावर.

२८ जानेवारी, रविवार

ताटली दाराच्या आत, एक वीत. खाल्लं. डोळा उघडलाय.

३० जानेवारी, मंगळवार

आत आली.

दुपारी तीन वाजता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वांगी चिरत होते. ती उंबरा ओलांडून आली, ओट्याच्या कडेकडेनं, भिंतीला घासत. बाहेरच्या खोलीत डोकावली, सगळ्या कोपऱ्यांचा वास घेतला. ताईच्या खाटेखाली गेली.

मी दाराजवळ होते. हात लांब केला असता तर दार लागलं असतं. एक धक्का! उद्या चेअरमन येणार. दार लावलं की ती आत, मी आत, सगळं मिटलं. हात दाराच्या फळीवर ठेवलासुद्धा.

आणि तो पिंजरा आठवला. त्याचंही दार असंच कुणीतरी तिच्यामागे पडू दिलं होतं.

नाही लावलं. वांगी चिरत बसले. वीस मिनिटांनी ती आली तशी गेली. मी तिला जाताना बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

३१ जानेवारी, बुधवार

सकाळपासून आली नाही. नऊ, अकरा, एक. चेअरमननी काल निरोप पाठवला होता, पाच वाजता येतो. साडेतीनला मी कपाळ गुडघ्यांवर टेकून बसले होते. कानाशी बारीक सळसळ झाली. मान वर केली तर शेपूट ताईच्या खाटेखाली जाताना दिसलं.

पाचला बेल. मला वाटलं संपलं. बेलच्या आवाजाला तर ती उडणारच, आणि मागचं दार उघडं! पण ती बाहेर नाही पळाली. आणखी आत सरकली, भिंतीपर्यंत.

चेअरमन वाकले. गुडघे कटकट वाजले त्यांचे. दोन पिवळे डोळे.

“आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

“पुढे येत नाही?”

“तुम्ही तिला आवडत नाही.”

हे मी दार लावायच्या आधी बोलले! ते उभे राहिले, घर बघितलं, माझा हात बघितला. जाताना जिन्यातून म्हणाले, “ती खाते काय? आमच्याकडे कोंबडीचं उरतं कधी कधी.”

४ फेब्रुवारी, रविवार

ठिगळी दिवसा खाटेखाली असते, दार उघडं असतं, हवं तेव्हा जाते. परत येते. परत येते हे चार वेळा लिहावंसं वाटतंय.

ताईचा फोन आला तेव्हा तो हातातच होता. उचलला.

मग ताई म्हणाली, “आहेस?”

“आहे.”

मांजरीचं सांगत सुटले. पाऊण तास! पिंजरा, टाके, चेअरमनचे गुडघे. ताई इतकी हसली की खोकला लागला. मग थांबली आणि म्हणाली, “मला वाटलं होतं तू भांडशील. मी तयारी ठेवली होती. तू भांडी घासायला गेलीस.”

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

“ताई, माझ्या सुया संपल्यात,” मी म्हणाले. “बारीकवाल्या. इथे मिळत नाहीत. सांगशील त्यांना?”

“सांगते गं,” ती म्हणाली. आवाज ओला होता.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जमिनीवर पडले होते, चटई टाकून. डोळा लागला. जाग आली तर हाताला काहीतरी गरम. खूण राहिलेल्या हाताला. पाठ टेकवून झोपली होती. मी हलले नाही. हात बधिर झाला, ऊन भिंतीवरून सरकून गेलं, भूक लागली, विरून गेली. मी हलले नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

एका बोटानं. दोन कानांच्या मधे. तीन सेकंद.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आता ती डोकं स्वतःच हाताखाली घालते. इस्त्रीवालीला सांगितलं तर तिनं सगळ्या लाँड्रीत ओरडून सांगितलं. वाफेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

माझी मांजर. हळू आवाजात म्हणून पाहिलं. जमलं.

२ मार्च, शनिवार

आज धागे कापायची छोटी कात्री घेऊन बसले, तिच्या मानेखालचे गुंते सोडवायला. एक एक कापत होते, ती डोळे मिटून. फार जाड गुंता होता, थापलेल्या लोकरीसारखा. त्याच्या आत कात्रीला काहीतरी अडलं. मला वाटलं काटा असेल.

पट्टा होता. निळा, विटका, केसांत पूर्ण बुडालेला. आणि त्याला लोखंडी गोल चकती. टूथपेस्ट लावून घासली. तिच्यावर फोन नंबर आहे. सगळे आकडे वाचता येतात.

म्हणजे ही रानटी नव्हतीच. हिला माणूस माहीत होता. दार, खाट, हाक, सगळं माहीत होतं. मी तिला काहीच शिकवलं नाही, तिला फक्त आठवायला वेळ लागत होता.

कुणी सोडून दिलं असेल. मारलं असेल. अशा माणसाला का फोन करायचा? आणि मी नाही केला तर कळणार कुणाला? चकती डब्यात टाकली. डबा फडताळात ठेवला. परत काढला.

३ मार्च, रविवार

लावला. दुसऱ्याच घंटीला एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. मी फोन जमिनीवर ठेवून मोठ्या आवाजावर लावला होता. ‘मांजर’ एवढाच शब्द माझ्या तोंडून निघाला आणि पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी एक नाव घेतलं. मला विचारलं नाही, तिला हाक मारली.

ती खाटेखालून धावत आली, फोनवर कपाळ घासू लागली आणि ओरडू लागली. थांबेचना. पाच महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.